कंचे म्हणजे काय

कापूस फुटला की आमच्या रस्त्यावर लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. बेल्याहून आत वळलं की दोन्ही बाजूंनी कापसाची पऱ्हाटी पांढरी होऊन उभी असते. हायवेवरून वाट वाकडी करून आलेली शहरातली माणसं वावरातल्या एखाद्या पोरीला बोलावतात, कमरेच्या ओटीत कापूस भरून हसायला सांगतात आणि निघून जातात. त्या पोरीला त्या वेळी कुठं असायला हवं होतं, हे त्यातलं कोणी विचारत नाही. मी स्कूटीवरून जाताना ते बघते आणि शाळेत पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. कापसावर रागवून उपयोग नाही हे मला कळतं. पण गेली काही वर्षं तो पांढरा रंग दिसला की मला एकच हंगाम आठवतो, आणि तो आठवला की राग येतो.

यंदाही दिवाळी झाली आणि सहावीचा वर्ग निम्मा रिकामा झाला. जी मुलं येतात त्यांच्या केसांत सरकीचा भुरा असतो. सकाळी दोन तास वेचून ती शाळेत आलेली असतात. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, त्यांनी बोटांच्या पेरांना ओरखडे पडतात, आणि त्या बोटांनी पेन धरलं की अक्षर वाकडं येतं. वरून तपासायला येणारे म्हणतात, अक्षर चांगलं नाही. त्यांतल्या कोणी बोटं उघडून बघितलेली मला आठवत नाहीत.

मी गणित शिकवते. शाळा सहावी ते आठवीची. राज्य तेलुगू, पण सीमेवरचं आमचं गाव मराठी, घरं मराठी, देवळातली आरती मराठी, भांडणं मराठी. पाचवीपर्यंतची शाळाही मराठी. सहावीला मूल आमच्या पायऱ्या चढतं आणि एका सकाळीत सगळं तेलुगू होतं. पुस्तक, फळा, प्रश्नपत्रिका, साहेबांचं बोलणं. मधे पूल म्हणून कोणी नाही. मराठी येणारे एक गुरुजी होते. तेलुगू शब्द मराठीत समजावून सांगायचे, मुलांना हळूहळू तिकडे न्यायचे. त्यांना दुसरीकडच्या कामावर पाठवलं, आणि त्यांची जागा तेव्हापासून रिकामी आहे. मी स्वतः याच भागातली. मराठीत शिकले, नोकरीसाठी तेलुगू शिकले, त्यामुळे माझ्या तासाला मी दोन्ही भाषा फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते. वैशाल्यं म्हणजे क्षेत्रफळ, चुट्टुकोलत म्हणजे परिमिती. वैशाल्यं शब्द पहिल्यांदा लिहिला तेव्हा सगळा वर्ग वर्गातल्या वैशालीकडे बघून हसला होता, आणि नंतर तो शब्द कोणीच विसरलं नाही. गणितातले शब्द मी असे देऊ शकते. इतिहास, विज्ञान आणि बाकीचं सगळं जग मी एकटी कुठून देणार?

तेलुगूचा मला राग नाही, हे आधीच सांगते. भाषा गोड आहे. माझ्या घरमालकीण बाई संध्याकाळी अंगणात बसून नातवाला गोष्टी सांगतात तेव्हा मी हातातलं काम सोडून ऐकते. राग वेगळ्या गोष्टीचा आहे. पोहायला न शिकवता पोरांना पाण्यात ढकलायचं आणि मग काठावर उभं राहून कोण बुडालं ते लिहून घ्यायचं, या कामाचा आहे.

त्या हंगामात सुवर्णा आठवीत होती. उंच, काटक, दोन वेण्या घट्ट बांधलेली पोरगी. तिची आई कांताबाई, थोडी स्वतःची जमीन आणि बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात. बाप गावातच, पण पाठीच्या दुखण्यानं वाकून काम करता येत नव्हतं, म्हणून वेचणी सगळी कांताबाईवर. दोन वर्षं मी कांताबाईच्या मागं लागले होते, पोरीची शाळा बुडवू नका. आधी ती ऐकून घ्यायची आणि पोरीला न्यायची. त्या वर्षी तिनं पहिल्यांदा मनावर घेतलं. सुवर्णा रोज यायची, पहिल्या बाकावर बसायची. माझ्या तासाला तिचा हात सगळ्यांत आधी वर. दुसऱ्या तासांना मात्र ती मिटून जायची. विज्ञानाचे सर भले गृहस्थ होते, पण त्यांना मराठीचा गंध नव्हता. एकदा ते मला म्हणाले, ती मुलगी मुकी आहे असं मला महिनाभर वाटत होतं.

त्या दिवसांत एक साहेब तपासणीला आले. त्यांनी सुवर्णाला उभं केलं आणि वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. स्पष्ट, न अडखळता, अख्खं पान. अक्षरं तिनं पाठ करून घेतली होती. साहेब खूष झाले आणि म्हणाले, आता अर्थ सांग. सुवर्णा नुसतीच उभी राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुस्तकाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि खाली बघितलं. मग त्यांनी दुसऱ्याला उठवलं, तिसऱ्याला उठवलं. सगळे तसेच. साहेब हेडसरांकडे वळून तेलुगूत म्हणाले, या पोरांना बुर्र लेदु. डोकं नाही.

शिकवलेल्या धड्यातली दहा वाक्यं त्या मुलांना कळली नव्हती. हे एक वाक्य मात्र वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. कारण साहेबांनी बोट स्वतःच्या कपाळाला लावून हलवलं होतं. सुवर्णा खाली बसली. मी दारात उभी होते. मी म्हणाले, सर, यांना मराठीत विचारून बघा. ते हसून म्हणाले, मॅडम, परीक्षा मराठीत येणार आहे का? त्याचं उत्तर मला आज सुचतं, अगदी रोज सुचतं, स्कूटीवर, भाकरी थापताना.

साहेब जाताना सांगून गेले की थोड्याच दिवसांत सगळ्या शाळांची एक चाचणी होणार आणि खालच्या नंबरवर राहणाऱ्या शाळांचा विचार होणार. विचार म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. आमच्याकडे विचार म्हणजे कुलूप. मुलं कमी, गुण कमी, मग शाळा दुसऱ्या शाळेत मिळवायची आणि पोरांनी पुढच्या गावाला चालत जायचं. मुलगे कदाचित जातील, मुली जात नाहीत. हे मी मनचं सांगत नाही, आमच्या शेजारच्या गावात झालेलं आहे.

हेडसर मुधोळकडचे. मराठी घरातले, तेलुगूत शिकलेले, कष्टानं वर आलेले. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. चाचणीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. पंखा बंद करून, दार लोटून म्हणाले, "बाई, आयका. ज्यायले काहीच येत नाही, त्यायले त्या दिवशी घरी राहू द्या."

मी म्हणाले, "म्हणजे?"

"वेचनी चालू हाये. तशीही पोरं जातेच. एक दिवस गेली तं काय बिघडते? शाळेचा नंबर तं घसरनार नाही."

"सर, वर्षभर आपण घरोघर जाऊन सांगतो, पोरांना वावरात नेऊ नका."

"शाळाच राह्यली नाही तं कोनाले सांगान मंग?" ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मीबी असाच शिकलो बाई. मले कोनी समजावून सांगतलं नाही. मेलो का मी?"

मला त्यांच्याकडे बघवलं नाही. ते मेले नव्हते हे खरं. पण त्यांच्या वर्गात त्यांच्याबरोबर बसलेली बाकीची सगळी कुठं गेली, हे त्यांनी कधी मोजलं नसेल. जो एक तरून जातो तोच पुढे खुर्चीवर बसतो, आणि म्हणतो, पाणी काही एवढं खोल नव्हतं.

मी नाही म्हणाले. मुलांना घरी ठेवायचा निरोप माझ्या तोंडून जाणार नाही, एवढंच बोलले आणि बाहेर आले. पण निरोप गेला. दुसऱ्या कोणाच्या तोंडून गेला.

त्या संध्याकाळी मी कांताबाईच्या घरी गेले. ती नुकती वावरातून आली होती. कमरेची ओटी सोडत होती, ओसरीत कापसाचा ढीग आणि त्याचा तो उन्हाचा, किंचित मातकट वास. सुवर्णा चुलीपाशी होती. मी बसायच्या आधीच कांताबाई बोलली.

"बाई, दोन सालं तुमी सांगतलं, पोरीले वावरात नेऊ नका. मी यंदा आयकलं. यकटीनं वेचून राह्यली. हे हात पाहा माहे. आता शाळेतूनच निरोप आला, परीक्षेच्या दिशी पोरीले ने वेचाले. मंग मी खरं काय धराव?"

मी म्हणाले, "तिला पाठवा."

"ते म्हनते तिले काही येत नाही. तिच्यानं शाळेचं नाव खराब होते."

चुलीपाशी सुवर्णाचे हात थांबले होते. हे तिच्या कानावर आधीच गेलं होतं. चौदा वर्षांच्या पोरीला दोन आठवड्यांत दोनदा सांगण्यात आलं होतं, एकदा तोंडावर आणि एकदा निरोपानं, की तू नसलेली बरी. माझा आवाज चढला असावा, कारण कांताबाईचा नवरा आतून उठून दारात आला. मी म्हणाले, "तिला येतं. तिला जे विचारतात ते कळत नाही, पण तिला येतं. तुम्ही तिला पाठवा. माझ्यावर सोडा."

कांताबाईनं सोडलेली ओटी घडी करून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मी सोता घेऊन येतो."

आणि ती आली. चाचणीच्या सकाळी थंडी होती. फाटकातून आत येताना मी बघितलं तर कांताबाई सुवर्णाबरोबर उभी, आणि त्यांच्या मागून आणखी बाया, आपापल्या पोरांना घेऊन. कांताबाईनं सकाळीच चार घरी जाऊन सांगितलं होतं, असं नंतर कळलं. ऐन वेचणीत, दव वाळून कामाची वेळ झालेली असताना, त्या सगळ्या निंबाखाली बसून राहिल्या. कोणी काही घोषणा केली नाही. हेडसर व्हरांड्यात आले, त्यांनी बघितलं आणि आत गेले.

पर्यवेक्षक दुसऱ्या शाळेतून आलेले होते. गणिताचा पेपर सुरू झाला. मला वर्गात जायची परवानगी नव्हती, मी खिडकीशी उभी राहिले. काही वेळानं सुवर्णा उभी राहिली. आठवीच्या वर्षात गणिताखेरीज कुठल्याही तासाला आपणहून न बोललेली पोरगी उभी राहिली आणि तेलुगूत बोलली.

"सार, कंचे अंटे एमिटि?"

कंचे म्हणजे काय. प्रश्न असा होता की एका शेताची लांबी इतकी, रुंदी इतकी, तर त्याला कंचे घालायला किती तार लागेल. कंचे म्हणजे कुंपण. परिमितीचा शब्द असता तर तिला आला असता, तो मी फळ्यावर लिहिला होता. कुंपण हा शब्द गणिताचा नाही. तो घरातला, वावरातला शब्द आहे, म्हणूनच तो कोणी शिकवला नव्हता. जिच्या घराच्या मागंच काट्याकुट्यांचं कुंपण आहे, जी दर पावसाळ्याआधी बापाबरोबर ते नीट करते, ती विचारत होती, हे म्हणजे काय.

पर्यवेक्षक म्हणाले, "येतं ते लिही. बस."

ती बसली. तिनं तो प्रश्न कोरा सोडला. मागच्या बाकावरच्या एका मुलानं कोरा सोडला नाही. हिंदीत गोट्यांना कंचे म्हणतात, ते त्याला ठाऊक होतं. त्यानं शेताचा चौकोन काढून त्याच्या चारी बाजूंनी बारीक बारीक गोट्या काढल्या, आणि शेजारी एक मोठा आकडा लिहिला. पुढं तो कागद स्टाफरूममध्ये फिरला. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला अजून त्यातलं हसण्यासारखं काय होतं ते कळलेलं नाही. त्या मुलानं जेवढं कळलं तेवढ्यावर इमानानं उत्तर काढलं होतं.

निकाल लागला. आमची शाळा अगदी खाली. मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, बैठकीत भिंतीवर सगळ्या शाळांची नावं लाल, पिवळी, हिरवी दाखवली. आमचं लाल. तेच साहेब समोर होते. त्यांनी आमच्या हेडसरांना उभं केलं आणि विचारलं, काय करता तुम्ही वर्षभर? हेडसर मान खाली घालून उभे. मला काय झालं कोण जाणे, मी उठले आणि साध्या आवाजात मराठीत म्हणाले, "सर, कुंपण म्हणजे काय?"

ते म्हणाले, काय?

मी पुन्हा म्हणाले, "कुंपण. सोपा शब्द आहे. पाच वर्षांच्या मुलालाही येतो." सभागृहात मराठी येणारे आम्ही मोजके. त्यांच्यापैकी कोणीतरी खोकलं. साहेबांनी शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्यानं खांदे उडवले. मी तेलुगूत म्हणाले, "आमच्या मुलांनीही असंच इकडंतिकडं बघितलं, सर. त्यांना सांगायला कोणी नव्हतं. सांगणारा माणूस द्या, मग लाल रंग लावा."

मला बसायला सांगण्यात आलं. आठवड्यानं माझ्याकडून लेखी जवाब मागितला, बैठकीत वरिष्ठांशी उद्धट बोलल्याबद्दल. मी तो दिला. गावातल्या बायांनी आणि बापांनी मिळून एक दरखास्त दिली, मराठी येणारा शिक्षक पाहिजे म्हणून. ती टेबलावरून टेबलावर गेली. शाळेला कुलूप लागलं नाही, तेवढं वाचलं, कदाचित बाया परत येऊन बसतील या भीतीनं असेल. शिक्षक मात्र आला नाही. आजही नाही.

पुढच्या जूनमध्ये कांताबाईनं सुवर्णाला पैनगंगेपलीकडे आपल्या भावाकडे पाठवलं. नदी ओलांडली की महाराष्ट्र. मामाच्या गावची शाळा मराठी. पहिल्या चाचणीत सुवर्णा वर्गात दुसरी आली. दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली, बारावीलाही झाली. लोक मला म्हणायचे, बघा बाई, तुमची पोरगी चमकली. मला आनंद झाला नाही असं नाही. पण त्या आनंदाच्या तळाशी राग तसाच होता. डोकं तेच, हात तेच, पोरगी तीच. नदीच्या अलीकडे ढ आणि पलीकडे हुशार, एवढाच फरक करायला तिला आई सोडून मामीच्या घरी चार वर्षं भांडी घासावी लागली. आणि ज्यांना पलीकडे मामा नाही, त्यांचं काय? त्या गोट्या काढणाऱ्या मुलाला नव्हता. तो आता जिनिंग मिलवर कापसाच्या गाठी उचलतो. मला बघितलं की लांबून हात करतो.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिली नसती. यंदा, याच कापसाच्या दिवसांत, सुवर्णा घरी आली. तिला नर्सिंगला जायचं आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजात, आईजवळ. त्यासाठी इथली रहिवासी असल्याचा दाखला पाहिजे. कांताबाई म्हणाली, "बाई, तुमी जा तिच्यासंगं, माह्यानं ऑफिसात बोलनं होत नाही." म्हणून आम्ही दोघी गेलो.

खिडकीमागच्या कारकुनानं कागद चाळले. शेवटची चार वर्षं कुठं शिकली, त्यानं विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, मग ही नॉन-लोकल. बाहेरच्या राज्यात शिकलेल्यांना लोकल धरता येत नाही, नियम आहे.

इथं शिकवलं नाही म्हणून तिकडे गेली, आणि तिकडे गेली म्हणून इथली राहिली नाही. मी बोलायला तोंड उघडलं, पण सुवर्णानं माझ्या हाताला धरून मला थोडं मागं केलं आणि ती खिडकीशी वाकली. ती तेलुगूत बोलायला लागली. नीट, सावकाश, एकही शब्द न शोधता. माझं घर या मंडलात आहे. माझ्या आईचं रेशनकार्ड इथलं आहे. पहिलीपासून आठवीपर्यंत मी इथं शिकले, त्याचे कागद तुमच्या हातात आहेत. नववीला मी का गेले ते लिहायला जागा कुठं आहे ते दाखवा, मी लिहून देते.

कारकून चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिला. म्हणाला, "तेलुगू चांगलं बोलतेस की."

"सुट्टीत शिकले," ती म्हणाली. "दुकानदाराच्या मुलीकडं बसून. कोणी शिकवलं की येतं, सार."

त्याला काय वाटलं माहीत नाही. त्यानं कागद पुन्हा एकत्र केले, म्हणाला, मोठे साहेब सोमवारी येतील, त्यांना भेटा, मी काही सांगू शकत नाही. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही.

आम्ही बाहेर आलो. मला वाटत होतं परत आत जावं, त्या खिडकीवर हात आपटावा, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलावं. सुवर्णा समोरच्या हॉटेलातून दोन चहा घेऊन आली. एक माझ्या हातात दिला.

मी तिला म्हणाले, "तुला राग नाही येत का गं?"

"येते ना बाई," ती म्हणाली आणि चहा फुंकून प्यायली. "म्हनून तं सोमवारी परत याचं हाये."